सोयाबीनच्या कडेनं बास्केटबॉल

माझा आवाज मोठा आहे, हे मी नाकबूल करत नाही. शेतात तो लागतोच. आमचं शेत सेनगावच्या पुढं, माळाच्या पायथ्याला आहे, आणि सोयाबीन गुडघ्याला लागलं की रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं रोजची. नवरा फटाके वाजवतो, शेजारी रिकामा डबा बडवतो. मी नुसती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून एक आरोळी ठोकते. रोह्यांचा अख्खा कळप माना वर करून माझ्याकडं बघतो आणि निमूटपणे शेजाऱ्याच्या शेतात जातो. शेजारी त्यावरून माझ्याशी दोनदा भांडलाय.

लेकरं लहान होती तेव्हा त्यांना या आवाजाचा केवढा अभिमान! मुलगी शाळेत पैज लावायची, की माझ्या मायनं अंगणातून हाक मारली तर ओढ्याच्या पलीकडं ऐकू जाते. मग चार पोरं ओढ्यापलीकडं जाऊन उभी राहायची आणि ही धापा टाकत घरी येऊन म्हणायची, "माय, मार एकदा." मी तव्यावरची भाकरी खाली उतरवून अंगणात यायचे आणि हाक मारायचे. पलीकडून पोरं हात हलवायची. पैजेतली बोरं आम्ही दोघी वाटून खायचो. मला वाटायचं, हे असंच चालणार. आयांना सगळंच असंच चालणार वाटत असतं.

मग गावात बास्केटबॉल आला.

गावातल्या शाळेत दहावीपर्यंत वर्ग आहेत. तिथं खेळाचे नवे सर आले, लातूरकडचे, अंगानं सडपातळ आणि आवाजानं त्याहून सडपातळ. आमच्याकडं खेळ म्हणजे कबड्डी आणि खो-खो. सरांनी काय केलं, शाळेच्या मागं सिमेंटचा जो कोबा होता, त्याच्या एका टोकाला लोखंडी खांब रोवला. खांबाला फळी, फळीला कडं, कड्याला जाळी. दुसऱ्या टोकाला खांब लावायचं काही जमलं नाही, त्यामुळं आमच्या गावचा बास्केटबॉल पहिल्यापासून एका खांबाचा. मी बघायला गेले आणि सरांना तोंडावर म्हणाले, "सर, बुडाला भोक असलेली टोपली आमच्या घरीबी हाय. आमी ती फेकून देतो." सर हसले. माणूस चांगला, राग धरत नाही.

खेळायला आधी मुलगा गेला. तेव्हा तो चौथीत होता, अंगानं गुबगुबीत, आणि शाळा सुटल्यावर घरी यायचं विसरायचा. त्याला आणायला मी मुलीला पाठवलं. ती सातवीत. बराच वेळ झाला, आणि मुलगा एकटाच पेरू खात आला.

"ताई कुठं हाय?"

"खेळून राहिली."

"अन् तू?"

"मला दम लागला."

मी पदर खोचला आणि निघाले. घरात धुणं तसंच पडलेलं, गाईची धार काढायची राहिलेली, आणि ही आणायला म्हणून गेली ती तिकडंच रमली. काय काय बोलायचं ते रस्त्यानं पाठ करत गेले. शाळेच्या कोपऱ्यावर आले आणि थांबले.

आमची मुलगी उंच आहे. तिच्या बापाकडून आलंय ते. सातवीतच माझ्या डोक्याच्या वर गेली. लग्नकार्यात बायका तिला खालून वर बघायच्या आणि मला म्हणायच्या, "हिला नवरा शिडी लावून बघावा लागंल गं." पोरगी मग फोटोत मागं उभी राहायची, गुडघे थोडे वाकवून. ते वाकवलेले गुडघे मला दिसायचे, पण बायकांना काय बोलणार? आणि त्या दिवशी कोब्यावर तीच पोरगी दोन्ही हात आभाळाकडं ताणून उडी मारत होती. जितकी उंच आहे त्याहून उंच व्हायला बघत होती. चेंडू कड्यावर आपटून बाहेर आला. तिनं परत उडी मारली.

मला फार आनंद झाला. पाठ केलेलं सगळं भाषण मी तिथंच कोपऱ्यावर टाकलं, घरी आले आणि धार काढली.

पुढची दोन वर्षं आमचं घर या चेंडूभोवती फिरलं. मुलगाही पुन्हा गेला, दम लागला की बसायचा, दम भरला की उठायचा. खेळात तो अजून काही दिवे लावत नाही, पण पडल्यावर त्याच्याइतकं आनंदानं उठणारं लेकरू मी बघितलं नाही. मुलगी मात्र खेळायचीच. घरात पाण्याचा तांब्या सरळ हातात देईना, "माय, झेल" म्हणायची. नवरा फार बोलणारा माणूस नाही. तो एवढंच म्हणाला, "भांडी पितळेची हायेत तवर चालू द्या."

पोरगी मोठी होत होती आणि मी ते डोळ्यांनी बघत होते. चाल बदलली, खांदे उघडले, फोटोत गुडघे सरळ झाले. आणि एक गोष्ट कमी होत गेली, माझ्याशी बोलणं. पूर्वी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तोंड सुरू. आता विचारलं तर "काही न्हाई." कोण काय म्हणालं, "काही न्हाई." का गप्प आहेस, तर "काही न्हाई." तिचं सगळं जग कोब्यावर, आणि मला त्या जगात कडेला का होईना, उभं राहायला जागा पाहिजे होती. दुसरं काही मागत नव्हते मी.

पोळा झाल्यावर सेनगावला तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. मी गेले. कडेला जागा मिळाली, अगदी पुढची. आणि मग खेळ सुरू झाल्यावर मला जे सुचलं ते मी बोलले. "हाण!" म्हणाले. "धर तिला!" म्हणाले. "सोडू नको गं, बांधाबांधानं जा!" असंही म्हणाले असेन. त्या खेळात धरायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं होतं? पंचानं शिट्टी वाजवली तेव्हा मी पंचालाही दोन शब्द ऐकवले. शेवटी रोह्यांना मारते तशी आरोळी मारली, आणि मैदान हसलं. पोरी सामना जिंकल्या, मी खुशीत घरी आले, रात्री भजी तळली.

मुलीनं भज्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं. शाळेत पोरं तिच्या मागून माझी आरोळी मारत होती. वर्गात, नळावर, कोब्यावर, जिथं दिसेल तिथं. ती मला म्हणाली, "माय, तू आता येऊ नको."

"काहून?"

"तू वरडती."

एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी भांडी घासायला बसले आणि त्या दिवशी आमच्या घरातली भांडी फार स्वच्छ निघाली. राग आला होता. ज्या आवाजावर बोरं खाल्ली त्याचीच लाज? पण रागाच्या खाली दुसरंच काही होतं. तिनं मला कडेलाही उभं राहू दिलं नाही तर मग कुठं उभं राहायचं, हे मला कळत नव्हतं.

सर एकदा घरी आले तेव्हा वेगळीच तक्रार घेऊन आले. म्हणाले, "ताई, तुमची मुलगी मधे खेळते, तिला सगळ्या मुली दिसतात. तिनं हाका मारून सांगायला पाहिजे, तू इकडं ये, तू मागं बघ. ती तोंडच उघडत नाही. नुसती नजरेनं बोलते, आपल्याच मुलींना कळत नाही आणि चेंडू जातो." मी म्हणाले, "सर, आमच्या घरात बोलणाऱ्यांची काही कमी न्हाई. तुमीच विचारा तिला." मुलगी माजघराच्या दारात उभी होती. तिनं खाली बघितलं. ती का बोलत नाही, हे सरांना माहीत नव्हतं. मला पक्कं माहीत होतं. तोंड उघडलं तर माझ्यासारखा आवाज निघेल, ही तिला भीती.

पंधरा दिवस मी तिच्या मागं लागले, की जिल्ह्याच्या सामन्याला मला येऊ दे. शेवटी ती तयार झाली, पण अट घालून. यायचं, बसायचं, तोंड उघडायचं नाही. भाऊ शेजारी बसणार, मी ओरडले की त्यानं चिमटा काढायचा. मुलानं ही जबाबदारी फारच आनंदानं स्वीकारली आणि तीन-चार दिवस आधीपासूनच सराव सुरू केला.

आता सोयाबीनचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धा दसऱ्याच्या सुमाराला असतात, आणि आमच्याकडं सोयाबीनही तेव्हाच निघतं. यंदा ऐन काढणीत आभाळ येऊन पाऊस पडून गेला. मळणी यंत्रातून निघालेलं सोयाबीन ओलं. ओलं सोयाबीन वाळवल्याशिवाय घरात ठेवता येत नाही, चार दिवसांत वास सुटतो. शेतात चिखल, अंगण मातीचं. अख्ख्या गावात गुळगुळीत, मोकळी, वारा लागणारी एकच जागा, शाळेचा कोबा. बास्केटबॉल यायच्या आधीपासून गाव तिथं पाळीपाळीनं धान्य वाळवतं. आणि यंदा स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पाळी आली आमचीच.

घरात बापलेकीची जुंपली. म्हणजे लेक बोलत होती आणि बाप ऐकत होता.

"बाबा, आमी खेळायचं कुठं?"

"सोयाबीन वाळायचं कुठं?"

"सामना हाय!"

"सोयाबीनबी हाय."

शेवटी नवऱ्यानंच तोड काढली. अर्धा कोबा सोयाबीनला, अर्धा पोरींना. सरांनी खडूनं मधोमध रेघ मारली. टोपलीकडं तोंड करून उभं राहिलं की उजवीकडं पोरी, डावीकडं आमचं पिवळं सोयाबीन पसरलेलं. मी दिवसातून तीन-चार वेळा अनवाणी त्यातून पाय ओढत फिरायचे, खालचं वर यायला. त्या निमित्तानं मला खेळ जवळून बघता यायचा, आणि मुलीला त्यावर काही म्हणताही यायचं नाही.

आमच्यात धान्यावर पायातलं घालून पाय ठेवत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवत नाही, चालायला लागलेलं पोरगंही खळ्याच्या कडेला चप्पल काढतं. खेळणाऱ्या सगळ्या पोरी शेतकऱ्यांच्या घरच्या. चेंडू सोयाबीनमध्ये गेला, की जिच्या हातून गेला ती रेघेपाशी थांबायची, खाली बसून बुटाची नाडी सोडायची, मोजे काढायची, आत जाऊन चेंडू आणायची, पाय झटकायची, परत मोजे, परत बूट, परत नाडी. सर घड्याळाकडं बघून केस उपटायचे. "अगं, तशीच जा ना!" एकही गेली नाही. त्यांच्यातली सगळ्यात बारकी पोरगी तर सरांना म्हणाली, "सर, लक्ष्मी हाय ती. तुमी जाता का बूट घालून?" सरही गेले नाहीत.

दोन-तीन दिवसांत पोरी हुशार झाल्या. नाडी सोडायचा कंटाळा म्हणून चेंडू डावीकडं जाऊच देईनात. पळत आल्या तरी रेघेच्या अलीकडं वळायच्या, फेकल्या तरी उजवीकडून फेकायच्या. सर खूश, की चेंडूवर काय ताबा आलाय! मी खूश, की सोयाबीनमध्ये माती येत नाही. पोरी नेमकं काय शिकून राहिल्यात, ते ना सरांच्या लक्षात आलं ना माझ्या.

सामन्याच्या आदल्या दिवशी सोयाबीन वाळलं. पुन्हा आभाळ दाटून यायला लागलं म्हणून आम्ही नवरा-बायकोनं दिवस मावळायच्या आत ते पोत्यांत भरलं आणि कोबा झाडून घेतला. सकाळी जीपमध्ये बसून आम्ही हिंगोलीला. पुढं सर, मागं पोरी, सगळ्यांच्या मागं मी आणि माझा पहारेकरी. तोंडात बडीशेप भरून घेतली होती, तोंड रिकामं नको म्हणून.

हिंगोलीच्या मैदानाला दोन खांब होते. आमच्या पोरी आधी तेच बघत राहिल्या. चारच संघ आलेले, त्यामुळं पहिला सामना जिंकला की थेट फायनल. तो सामना शहरातल्या एका शाळेशी. त्यांच्या पोरींचे कपडे एकसारखे, बुटांच्या नाड्याही एकसारख्या, आणि त्यांच्या आया छत्र्या, चटया, पाण्याच्या बाटल्या घेऊन सहलीला आल्यासारख्या बसलेल्या. मी त्यांच्यातल्याच एका चटईच्या टोकाला टेकले. मुलगा चिकटून बसला, बोटं तयार ठेवून.

खेळ सुरू झाला, आणि थोड्याच वेळात मला कळेना, हे काय चाललंय. आमच्या पोरी सगळ्या उजवीकडं. मैदान एवढं मोठं, डावी बाजू पटांगणासारखी मोकळी, आणि या पाचही जणी उजव्या कडेला एकमेकींच्या पायात पाय घालून. शहरातल्या पोरी काही बावळट नव्हत्या. त्यांनी ओळखलं आणि त्याही सगळ्या उजवीकडं येऊन उभ्या राहिल्या. आमच्या मुलीला हात वर करायला जागा उरेना. सर कडेनं पळत होते, "डावीकडं! डावीकडं जा!" पण त्यांचा आवाज मैदानातल्या गोंगाटात कुठंच पोचत नव्हता. चुकून कुणाला ऐकू गेलंच, तर ती मान हलवायची, दोन पावलं डावीकडं जायची आणि काहीतरी आठवल्यासारखी परत फिरायची.

मी पदर दातात धरला. एकदा "अगं—" एवढं निघालं आणि दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यात पाणी आलं.

मधल्या सुट्टीत सरांनी विचारलं, तुम्ही डावीकडून का जात नाही? आमची मुलगी म्हणाली, "जायचं तर हाय सर, पण पाय वळत न्हाईत." आम्ही बरेच मागं पडलो होतो. तिचं तोंड उतरलेलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. एवढी जवळ असून मला तिच्या पाठीवर हातही ठेवता येत नव्हता, कारण हात ठेवला की तोंड आपोआप उघडतं.

खेळ परत सुरू झाला. चेंडू कुणाच्या तरी हातून निसटला आणि टप्पे घेत डावीकडं गेला. बारकी पोरगी त्याच्या मागं सुसाट पळाली. मैदानाच्या मध्यावर आली, थांबली, मटकन खाली बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली.

चेंडू तिच्यापासून चार हातांवर. शहरातल्या पोरीनं येऊन तो आरामात उचलला आणि टोपलीत टाकला. बारकी एक बूट हातात धरून बघत राहिली. लोक हसले. पंच तिच्याकडं वाकून बघायला लागले, पोरीला लागलंबिगलं की काय.

मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं. दोघांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. सरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि ओरडायला तोंड उघडलं, पण सरांचा आवाज तो, कितीसा जाणार? त्यांनी माझ्याकडं असे हात केले, की आता तुम्हीच.

मी दातात पदर धरून बसलेले. ओरडले, तर मुलगी मला जन्मात पुन्हा कडेला बसू देणार नाही. आणि नाही ओरडले, तर घरी पोत्यात भरून ठेवलेलं सोयाबीन इथं हिंगोलीत माझ्या लेकीला हरवणार. शेजारून मुलगा म्हणाला, "वरड, माय."

"अन् चिमटा?"

"न्हाई घेत. वरड ना लवकर!"

मी बडीशेप गिळली आणि उभी राहिले.

"अगं पोरींनो! सोयाबीन कालच पोत्यात भरलं! तिकडं काही न्हाई! बूट घालून पळा!"

छत्र्यांखालच्या आया वळल्या. एक जण दुसरीला विचारत होती, "क्या बोली ये? किसका सोयाबीन?" मुलीनं माझ्याकडं बघितलं. कानापर्यंत लाल झाली होती. मला वाटलं, संपलं. मग तिनं डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडं बघितलं, मग बारकीच्या हातातल्या बुटाकडं, आणि तिला हसू फुटलं. एकीला बघून दुसरी हसली. पाचही जणी पोट धरून हसायला लागल्या आणि पंच बिचारे शिट्टी तोंडात धरून उभे.

त्यानंतर चेंडू आमच्या मुलीच्या हातात आला तेव्हा ती डावीकडं निघाली. पहिलं पाऊल तिनं थंडगार पाण्यात टाकावं तसं टाकलं. दुसरं टाकलं. मग सुटली. त्या बाजूला कुणीच नव्हतं. पळत गेली, उडी मारली, आणि चेंडू जाळीतून खाली आला तेव्हा मी आणि माझा पहारेकरी दोघंही चटईवर नाचत होतो. शब्द तर मोडलाच होता, म्हटल्यावर मी मागंपुढं बघितलं नाही. सामना संपेपर्यंत ओरडले. मुलगाही ओरडला. सामना आम्ही जिंकलो. किती फरकानं ते विचारू नका. थोडा होता, पण होता.

जिंकल्यावर पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. माझी मुलगी माझ्याकडं आली नाही. पाणी प्याली आणि माझ्याकडं पाठ करून मैत्रिणींत बसली. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती, ती मुलाच्या हाती पाठवली. तो परत आल्यावर खुणेनंच विचारलं, काय म्हणाली?

"काही न्हाई. दोन धपाटे खाल्ले."

खुणेनं विचारलं, कारण माझा घसा बसला होता. नुसता बसला नाही, पार गेला. तोंड उघडलं की हवा यायची. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मुलाला त्याची फार मजा वाटली. तो म्हणाला, "आता ताईला कायीच तकलीफ न्हाई." मी हसले खरी, पण पोरगी समोर बसलेली, पाठ दिसतेय, आणि मला तिला हाकही मारता येत नाही.

दुपारी फायनल झाली. ती आम्ही हरलो. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. समोरच्या पोरी मोठ्या, दांडग्या, सराव झालेल्या. आमच्या पोरी चांगल्या खेळल्या, उजवीकडून खेळल्या, डावीकडूनही खेळल्या, आणि थोडक्यात हरल्या. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

खेळ निम्म्यावर आला होता आणि पोरी गोंधळल्या होत्या. कुणी कुठं जावं ते कळेना, दोघी एकाच चेंडूवर धावत होत्या, मागं कुणीच नव्हतं. आणि मी बघितलं, की एकेक जण चटईकडं बघतेय. बारकीनं बघितलं. दुसरीनं बघितलं. सकाळचा आवाज कुठं गेला, हे त्या शोधत होत्या. मग माझ्या मुलीनं बघितलं. चेंडू दोन्ही हातांत पोटाशी धरून, मैदानाच्या मधोमध उभी राहून, माझ्याकडं. "काही न्हाई" म्हणताना बघायची तसं नाही. ओढ्याकडून धापा टाकत यायची आणि म्हणायची, माय, मार एकदा, तसं.

मी तोंड उघडलं. हवा आली. मी गळ्याला हात लावून तिला मान हलवून दाखवली, न्हाई गं बाई, न्हाई निघत.

तिला कळलं. समोरच्या पोरी अंगावर येत होत्या. मग तिनं मान वर केली.

"मागं बघ! डावीकडून ये, डावीकडून! पळ गं, पळ!"

मी माझा आवाज कधी बाहेरून ऐकला नव्हता. तो असा असतो, हे मला माहीत नव्हतं. छत्र्या वळल्या, सर जागच्या जागी थांबले, समोरची पोरगी दचकून अडखळली. आमच्या पोरी मात्र दचकल्या नाहीत. जी मागं बघायची ती मागं बघू लागली, जी डावीकडून यायची ती आली. चेंडू सुटला, बरोबर हातात गेला. मुलगी तिथून खेळ संपेपर्यंत गप्प झालीच नाही. तिच्या आवाजाला कुणी हसलं नाही, आणि हसलं असतं तरी तिला ऐकू गेलं नसतं.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते. मुलगा माझ्या दंडाला धरून हलवत होता, "माय, ताई वरडून राहिली! माय, ताई!" जणू मला दिसत नव्हतं.

शेजारच्या चटईवर एक अनोळखी बाई होती, कळमनुरीकडची असावी, तिची पोरगी सकाळीच हरून बाहेर पडलेली. ती माझ्याकडं सरकली आणि म्हणाली, "काय आवाज हाय हो त्या उंच पोरीचा! कुणाचं लेकरू हाय?"

मी सांगायला गेले आणि घशातून काहीच निघालं नाही. मग मी छातीवर हात ठेवला. बाईला नीट कळावं म्हणून परत एकदा ठेवला.